पंचनाम्यात न मावलेले सरपण

महसूल खात्यात तलाठ्याच्या वाट्याला येणाऱ्या कामांत पीकपाहणी, फेरफार आणि वसुली यांची गणना सर्वजण करतात. परंतु जळिताचा पंचनामा हे जे एक काम, वर्षातून मोजक्याच वेळी पण हमखास, आणि बहुधा चैत्र-वैशाखातील रणरणत्या दुपारी त्याच्या पुढ्यात येऊन पडते, त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. मुरुड आणि भोवतालच्या सज्जांत माझी बहुतेक हयात गेली. मी नोकरीत रुजू झालो तेव्हा हा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि १९८२ च्या ऑगस्टात लातूर जिल्हा निराळा झाल्यावर आमची दफ्तरे तिकडे वर्ग झाली. जिल्हा बदलला, शिक्के बदलले, परंतु जळिताच्या पंचनाम्याचा मसुदा होता तोच राहिला. त्या मसुद्यात काय मावते आणि काय मावत नाही, हे कळावयास मला बरीच वर्षे लागली, आणि जे मावत नव्हते तेच या लेखाचे प्रयोजन आहे.

पंचनाम्याची रीत अशी की, पोलीस पाटलाकडून इत्तला आली म्हणजे तलाठ्याने जायमोक्यावर जावे, गावातील चार प्रतिष्ठित पंच जमवावे, घराची चतुःसीमा लिहावी आणि नुकसानीचा तपशील नोंदवावा: ज्वारी इतकी, कडब्याच्या पेंढ्या इतक्या, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, अवजारे, आणि देव करो नि न होवो, पण एखादे जनावर. हे सर्व रकाने विस्ताराने भरले जात. आगीचे कारण मात्र एका ओळीत आटोपावयाचे असे, आणि ती ओळ जणू आधीच लिहून ठेवलेली असे: ‘चुलीतील ठिणगी उडून’. माझ्यापूर्वीच्या तलाठ्यांच्या दफ्तरात हीच ओळ, शेजारच्या सज्जातही हीच ओळ, आणि आरंभीची काही वर्षे माझ्याही लेखणीतून हीच ओळ उतरत होती, कारण पंच ती सांगत आणि त्यावर अंगठे वा सह्या करीत. पंच सर्व पुरुष असत. ज्या चुलीवर दोषारोप होई, ती चूल पेटविणारी बाई बहुधा भिंतीला टेकून, लेकरू मांडीवर घेऊन, सुन्नपणे बसलेली असे, आणि तिला कोणी काही विचारीत नसे.

हा प्रघात मोडला तो एका वृद्धेमुळे. फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला होता आणि गावाच्या कडेच्या एका घराचा सोपा जळाला होता. मनुष्यहानी नव्हती, परंतु दावणीची एक शेळी होरपळून गेली होती. पंचांनी नेहमीची ओळ सांगितली आणि मी ती लिहिण्याच्या बेतात होतो, तोच आतून ती म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, “चुलीला कशापायी नावं ठेवायलाव, तलाठी साहेब? माझ्या सासूच्या काळापासून चूल हाय तिथंच हाय. जागचं हाललं ते सरपण.” पंचांपैकी एकाने तिला गप्प करण्याचा प्रयत्न केला, पण मी त्याला थांबविले आणि तिला बोलू दिले. तेव्हा जे बाहेर आले ते असे. परसातला तुराट्यांचा ढीग भिजू नये म्हणून तिच्या मुलाने, ती लेकीच्या गावी गेली असता, तो सगळा उचलून सोप्यात आणून टाकला होता. सोप्यात चूल होती आणि चूल व दार यांच्या मधोमध हा ढीग पडला. पाऊस एका दिवसात ओसरला, ऊन पूर्ववत पडले, तुराट्या वाळून पुन्हा कुरकुरीत झाल्या, परंतु त्या परत बाहेर नेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. ती असती तर तिने चुलीपासून सहा हातांच्या आत तुराटी येऊ दिली नसती, असे तिने सांगितले, आणि ते अंतर जमिनीवर पावले टाकून दाखविले.

त्या दिवशी मी कारणाच्या रकान्यात ती हकीकत पाच-सहा ओळींत लिहिली. पुढे कचेरीतून ‘कारण थोडक्यात लिहावे’ अशी सूचना आली, ती मी मानली, परंतु तेव्हापासून माझ्या झोळीत सरकारी कागदाबरोबर एक खाजगी वही राहू लागली, आणि प्रत्येक जळिताच्या जागी पंचांची जबानी आटोपली म्हणजे मी घरातल्या बाईला एक प्रश्न विचारू लागलो: “माय, सरपण कुठं ठेवलं होतं?” या एका प्रश्नाने मला जे शिकविले ते कोणत्याही परिपत्रकात नव्हते.

प्रथम सरपणाच्या जातींविषयी लिहितो, कारण सुशिक्षित मनुष्य सरपण म्हणजे लाकूड अशी सरसकट समजूत करून घेतो आणि तेथेच फसतो. आमच्या भागात जंगल जवळजवळ नाहीच. काळ्या रानाचा हा पठारी मुलूख, येथे बांधावरची बाभूळ, बोर, कडुनिंब आणि अलीकडची सुबाभूळ एवढेच काय ते लाकूड. बाकी सारे जळण शेताच्या पोटातून येते: तुरीची काढणी झाल्यावर तुराट्या, कापूस वेचून संपला म्हणजे पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे, आणि या सर्वांच्या जोडीला गोवऱ्या. बाभळीचा ओंडका आणि तुराटीची मोळी यांचा स्वभाव अगदी भिन्न. ओंडक्यावर ठिणगी पडली तर ती बहुधा तेथेच विझते, कारण जाड लाकडास तापावयास वेळ लागतो. तुराटी मात्र बारीक आणि तिच्या मोळीतून हवा खेळणारी असल्याने त्या मोळीवर तीच ठिणगी पडली तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ज्वाळा माळवदाच्या किलचांपर्यंत पोहोचते. म्हणून जुन्या बायका ओंडके आत ठेवीत आणि तुराट्या-पऱ्हाट्यांची गंजी परसात, घराच्या वाऱ्याकडील बाजू टाळून रचीत. आतमध्ये त्या दिवसाच्या दोन वेळच्या स्वयंपाकापुरतीच एक मोळी येई. माझ्या वहीतील अग्नीच्या हकीकती चाळल्या तर त्यांत ओंडक्यांनी लागलेली आग शोधूनही सापडणे कठीण.

राखेविषयी तर मी जितके लिहीन तितके थोडे. पूर्वी काडीपेटी ही जपून वापरावयाची वस्तू होती आणि रात्री चुलीतला विस्तव राखेखाली पुरून ठेवून पहाटे फुंकणीने पुन्हा फुलविण्याची रीत घरोघर होती. ज्या घरचा विस्तव विझला त्या घरची सून शेजारून गोवरीच्या तुकड्यावर निखारा मागून आणी. ज्या बाईने आयुष्यभर राखेखाली विस्तव जिवंत ठेवला, तिला राख मेलेली नसते हे कोणी सांगावे लागत नसे. काडीपेटी स्वस्त झाली, विस्तव राखण्याची गरज सरली, आणि तिच्याबरोबर हे ज्ञानही सरले. पुढच्या पिढीतील मुली चूल सारवताना राख उचलून तशीच उकिरड्यावर नेऊन टाकू लागल्या. उकिरड्यावर वाळले शेण, शेजारी कडब्याची गंजी, आणि दुपारी हटकून उठणारी वावटळ. बाभळीचा निखारा राखेच्या आवरणात दुसऱ्या दिवसापर्यंतही धुमसत राहू शकतो. अशा आगीच्या पंचनाम्यात कारण म्हणून कोणा अज्ञात इसमाने फेकलेल्या विडीची नोंद होई, आणि कधी कधी त्यावरून दोन भावकींत वैमनस्यही जुंपे. वास्तविक विडी ओढणारा तो अज्ञात इसम कोठेच नसे. राख मातीच्या फुटक्या डेऱ्यात काढून तीवर तांब्याभर पाणी शिंपडावे आणि मग एक दिवस जाऊ द्यावा, एवढ्याने हे टळते. परंतु येथे आमच्या मुलखाची दुसरी विपत्ती आडवी येते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याच्या टाक्यांची आगगाडी लातूरला आली, ती आमच्याच बाजूच्या रुळांवरून गेली हे येथील आबालवृद्धांस ठाऊक आहे. ज्या उन्हाळ्यात पिण्याचे पाणी रेल्वेने येते त्या उन्हाळ्यात राखेवर शिंपडावयास पाणी मागणे मलाच अवघड वाटे. त्या वर्षी मी बायकांना पाण्याऐवजी माती पसरावयास सांगत असे, आणि तीही पुरेशी ठरे. आग भडकलीच तर रांजणात तिला पुरेल एवढे पाणी नाही आणि लातूरहून बंब येईपर्यंत घर उरत नाही, ही गोष्ट एकदा मनाशी पक्की झाली की मग सगळा भरवसा सरपणाच्या जागेवरच ठेवावा लागतो.

अग्नी हे सरपणाचे एकच भय नव्हे. पावसाळ्याच्या तोंडावर, मृगाच्या आधी, आमच्याकडे प्रत्येक घर चार महिन्यांचे जळण आत घेते, आणि त्याच सुमारास उन्हाळाभर माळवदावर किंवा अंगणात निजणारी माणसेही आत निजावयास येतात. बिळांत पाणी शिरले म्हणजे उंदीर आत येतात, उंदरांच्या मागे साप येतो. अशा रीतीने ज्यांनी एकमेकांपासून दूर असावे ते सर्व एकाच ऋतूत एका छपराखाली गोळा होतात. मण्यार हा साप रात्री हिंडतो, त्याचा दंश पुष्कळदा निजलेल्याला जाणवतही नाही आणि पहाटे पोटात कळा, जडावलेल्या पापण्या, अडखळणारा श्वास अशी लक्षणे दिसू लागतात, तेव्हा घरच्यांना अपचनाची शंका येते. भुईवर अंथरूण टाकून सरपणाच्या ढिगाशेजारी निजलेल्या एका तरुण मजुराचा असा अंत झाल्याचे मी पाहिले. त्याला वेळीच दवाखान्यात नेऊन प्रतिविष दिले गेले असते तर तो वाचण्याचा पुष्कळ संभव होता. त्या घरी सरपण भिंतीस चिकटून, छातीइतके उंच रचलेले होते, आणि त्याच्या मागची पोकळी कित्येक महिन्यांत कोणी पाहिलेली नव्हती.

विंचवाचेही तसेच. लाल विंचवाचा दंश लहान मुलाला झाला म्हणजे पूर्वी मंत्र-अंगाऱ्याखेरीज उपाय माहीत नसे आणि फुप्फुसात पाणी भरून लेकरे जात. जालना जिल्ह्यातील देहेडला जन्मलेले आणि महाडला रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध या दंशावर योजून दाखविले आणि अनेक मुले त्यामुळे जगली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा मराठवाड्याच्या लोकांना त्याचा जो आनंद झाला तो आपल्या माणसाच्या गौरवाचा होता. परंतु औषध दवाखान्यात असते आणि विंचू बाभळीच्या सालीखाली असतो. म्हणून लाकूड उजेड असतानाच काढावे, प्रत्येक ओंडका भुईवर आपटून मग उचलावा, आणि मुलांना सरपण आणावयास अंधारात धाडू नये. ज्या घरांत वृद्ध स्त्री हयात होती तेथे हे नियम पाळलेले मी पाहिले. जेथे ती नव्हती तेथे ते नुसते ऐकिवात होते.

सरपणाचे आणखी एक भय मला भूकंपात दिसले. १९९३ च्या ३० सप्टेंबरची ती पहाट आम्ही कोणीही विसरणार नाही. किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यातील गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली, हजारो माणसे दगडमातीखाली गेली, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतील महसुली नोकरांना मदतकार्यास व पंचनाम्यांस पाठविण्यात आले, त्यांत मीही होतो. मृत्यूचे मुख्य कारण सर्वांना दिसत होते: मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या रुंद भिंती आणि माळवदावर वर्षानुवर्षे थरावर थर चढविलेली माती. परंतु त्याच ढिगाऱ्यांत अशीही घरे होती की ज्यांच्या भिंती सर्व बाजूंनी ढासळल्या असूनही लाकडी खांब आणि तुळया यांचे खण उभे होते आणि त्यांच्याखाली निजलेली माणसे जिवंत निघाली होती. आणि याच्या उलट, काही ठिकाणी खांब बुडापाशी मोडलेले मी पाहिले; हातात घेतले तर भुसा पडत होता. ती वाळवी होती.

आपल्या जुन्या सुतारांनी खांब भुईत न रोवता दगडी तळखड्यावर उभा केला, तो अशासाठी की जमिनीतील ओल आणि वाळवी लाकडास लागू नये. वाळवीला मातीचा आणि ओलीचा आधार लागतो. उघड्या दगडावरून ती चढते तेव्हा मातीची नळी बांधीत चढते आणि ती नळी दिसली की झाडता येते. परंतु खांबाला टेकवून ओले सरपण भुईवर रचले, की तळखड्याची सर्व योजना व्यर्थ होते. वाळवी भुईतून सरपणात आणि सरपणातून खांबात, कोणाच्या दृष्टीस न पडता, वर जाते. किल्लारीच्या पट्ट्यातून परत आल्यावर मुरुडच्या जुन्या वाड्यांतून मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा ढाळजेत किंवा सोप्यात खांबाला टेकलेला लाकडांचा ढीग पाहून माझा जीव वरखाली होई, आणि ओळख असो नसो, मी तो हलवावयास सांगितल्यावाचून पुढे जात नसे. लोक ऐकत. त्या वर्षी लोक पुष्कळ काही ऐकत होते.

सरपण आत ठेवणे भाग पडले तर ते कसे ठेवावे, याविषयी माझे मत या सर्व वर्षांत हळूहळू बनत गेले. खाली दोन ओळी दगड किंवा विटा मांडून त्यांवर लाकडे आडवी ठेवावी, म्हणजे भुईचा संबंध तुटतो आणि खालून हवा फिरते. भिंतीपासून एक वीत, खांबापासून हातभर अंतर सोडावे, म्हणजे मागे झाडू जातो आणि साप राहत नाही. उंची कमरेच्या वर जाऊ देऊ नये, कारण छातीएवढी रास ढासळून त्याखाली लेकरू सापडल्याची घटना मी स्वतः नोंदविली आहे. साल वरच्या अंगाला यावी. लाकूड वाळले की नाही हे दोन ढलप्या एकमेकींवर आपटून कळते. वाळलेली खणखणते, ओली बदबद वाजते. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचेच असू शकते, तेव्हा ओले लाकूड घरात घेणे म्हणजे ओल घरात घेणे होय. रॉकेलचा डबा सरपणाजवळ नसावा, हे सांगण्याची पाळी येऊ नये, पण ती येत असे. चूल पेटवताना दोन्ही लागत म्हणून दोन्ही एकाच कोपऱ्यात. वीज आल्यावर ढाळजेतल्या भिंतीवर मीटर बसला आणि त्याच्या नेमके खाली सरपण राहिले, ही नवी जोडी पुढे पुष्कळ घरांत दिसू लागली. आणि सर्वांत महत्त्वाचे, चुलीच्या पाठीशी किंवा चुलीवरच्या माचाणावर ओले लाकूड वाळत घालू नये. पावसाळ्यात बाईला याचा मोह पडतो आणि तो मोह अगदी रास्त असतो, कारण ओल्या लाकडाचा धूर तिच्याच डोळ्यांत जातो.

निवृत्तीनंतर एक निराळे दृश्य माझ्यासमोर आले. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्याकडील पुष्कळ घरांत गॅसची टाकी आली. चहा, लेकराचे दूध, पाहुण्यांचा स्वयंपाक तिच्यावर होऊ लागला. ही फार चांगली गोष्ट घडली यात संशय नाही. परंतु टाकी भरून आणावयाचे पैसे दर महिन्यास हाताशी नसतात, अंघोळीचे पाणी आणि भाकरी पुष्कळ घरी अद्याप चुलीवरच होते, आणि म्हणून सरपण घरातून गेले नाही. ते केवळ कोपऱ्यात सरकले. पूर्वी रोज सकाळ-संध्याकाळ ढिगातून लाकूड निघे, ढीग रोज हाले, त्यात काय आहे ते रोज डोळ्यांखालून जाई. आता तोच ढीग अडीअडचणीचा साठा म्हणून महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. माझ्या अनुभवात स्थिर ढिगासारखा धोक्याचा ढीग नाही: त्यातच उंदीर वितात, त्यातच वाळवी लागते, आणि त्याच्यावर पोती, जुने कपडे, खताच्या प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्या येऊन पडतात. म्हणून मी बायकांना सांगतो की ढीग लहान ठेवा, आणि जे आधी आणले ते आधी जाळा. गॅस असला तरी आठवड्यातून एकदा ढीग खालीवर करा. दसऱ्याच्या आधी घर सारवता तेव्हा सगळे सरपण एक दिवस उन्हात काढा.

राहता राहिला तो दोन खोल्यांच्या घरांचा प्रश्न. भूकंपानंतर आणि त्यापुढच्या घरकुल योजनांतून जी पक्की घरे उभी राहिली त्यांना परस नाही, ढाळज नाही, सोपा नाही. भिंती मजबूत आहेत आणि जागा बेताची आहे. तेथे सरपण जिन्याखाली जाते किंवा दाराच्या आतल्या अंगाला. ही दोन्ही स्थाने निषिद्ध मानावी, कारण आग लागली तर बाहेर पडण्याची वाट तीच असते. ज्या घराला एकच दार आहे तेथे दाराशी तुराट्यांचा भारा ठेवणे मला पाहवत नाही. परंतु मग ठेवावे कोठे, असे त्या घरची बाई विचारते, आणि तिचा प्रश्न न्याय्य असतो. मी तिला भिंतीच्या बाहेर, दारापासून दूर, दगडांवर रचून वर पत्रा किंवा ताडपत्री टाकावयास सांगतो. पाऊस तिरपा आला की ते भिजते, चोरीला जाते, शेजारी हद्दीवरून तक्रार करतो. हे सर्व ती मला ऐकवते आणि मी ते नाकारू शकत नाही. भिजू दे, पण दार मोकळे राहू दे, एवढेच मी सांगतो. आणि त्या भिजलेल्या लाकडाचा धूर श्रावण-भाद्रपदभर जिच्या छातीत जाणार, तिच्याच तोंडावर हे सांगताना मला आजही फार जड जाते.